कंटेनरमधून उपकरण उघडत नसेल तर: घरगुती सर्व्हरवर परवानग्यांची अडचण शोधण्याची रीत

घरातील जुन्या संगणकावर किंवा लहानशा मिनी पीसीवर डेबियन अथवा उबुंटू लिनक्स बसवायचे, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यायचे, आणि चित्रपटांसाठी जेलिफिन व दिवे-सेन्सरसाठी होम असिस्टंट चालवायचे, हा मार्ग आता पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. सॉफ्टवेअर बसते, ब्राउझरमध्ये पान उघडते, पासवर्डही चालतो. परंतु इंटेलच्या ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचे रूपांतर होत नाही, किंवा यूएसबीला जोडलेला झिगबी डोंगल (दिवे-सेन्सरशी बिनतारी बोलणारे लहान उपकरण) सापडत नाही. अशा वेळी शोध घेतला की दोन सल्ले हमखास हाती लागतात. एक म्हणजे कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ करा, आणि दुसरा म्हणजे उपकरणाच्या फाईलला ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, द्या. या दोन्हींनी काही वेळा काम सुरू होते, आणि धोका नेमका तेथेच आहे, कारण अडचण कोणत्या टप्प्यावर होती हे कळत नाही आणि त्या निमित्ताने उघडलेले दार पुढे कायमचे उघडे राहते.

या लेखात नवख्या वाचकाने शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः डॉकरची आहेत. पॉडमन (डॉकरसारखेच साधन), प्रॉक्समॉक्स (आभासी यंत्रे व कंटेनर चालवणारी प्रणाली), स्नॅप (उबुंटूची पॅकेज-पद्धत) आणि सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारी व्यवस्था) यांत काय वेगळे असते ते पुढे येईल. विंडोज किंवा मॅकवरील डॉकर डेस्कटॉप एका आभासी यंत्राच्या आत चालतो, त्यामुळे तेथील यूएसबीचा प्रश्न निराळा आहे व तो येथे घेतलेला नाही. कमांड, फाईलींच्या वाटा आणि त्रुटींचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकावयाचे आहेत, आणि तेही लहान अक्षरांत, जेथे वेगळे सांगितले असेल ती ठिकाणे वगळून.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. कंटेनरला स्वतःचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) नसते. आतला प्रोग्रॅम जेव्हा एखादे उपकरण उघडू पाहतो, तेव्हा निर्णय होस्टचे, म्हणजे मूळ यंत्राचे, कर्नलच देते, आणि तो एकाच तपासणीने देत नाही. उपकरणाची फाईल आत आहे का, ती उघडणाऱ्याच्या वापरकर्ता-गटाला परवानगी आहे का, या कंटेनरला ते उपकरण वापरण्याची मुभा दिलेली आहे का, आणि अ‍ॅपआर्मर किंवा एसईलिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थांचा काही आक्षेप आहे का, अशा परस्परांपासून स्वतंत्र तपासण्या होतात. त्यांपैकी एकीने नकार दिला तरी उपकरण उघडत नाही. एका तपासणीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, म्हणून आधी नकार कोणी दिला हे ओळखावे लागते.

पहिली पायरी: त्रुटीचे नेमके शब्द

‘चालत नाही’ एवढ्या माहितीवर काहीच करता येत नाही. ‘डॉकर लॉग्ज’ या कमांडपुढे कंटेनरचे नाव देऊन नोंदी काढाव्यात आणि त्यांत कर्नलने दिलेला मूळ संदेश शोधावा. ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असे असेल, तर परवानगीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. सँडबॉक्सच्या, म्हणजे कंटेनरभोवतीच्या कुंपणाच्या, आत ती फाईलच पोहोचलेली नाही. ‘परमिशन डिनाइड’ असेल, तर फाईल आहे, परंतु वापरकर्ता किंवा गट जुळत नाही, किंवा अ‍ॅपआर्मर-एसईलिनक्सने अडवले आहे. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा संदेश वाचताना वरच्यासारखाच वाटतो, परंतु त्याचा अर्थ वेगळा आहे. उपकरणाच्या बाबतीत तो आला की बहुतेक वेळा फाईलवरील मालकीचा दोष नसतो. कंटेनरच्या अनुमत उपकरणांच्या यादीत ते उपकरण नसते. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असेल, तर परवानगी मिळालेली आहे आणि दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने उपकरण धरून ठेवले आहे.

परमिशन डिनाइड आणि ऑपरेशन नॉट परमिटेड यांतील हा फरक लक्षात ठेवला, तर निम्मा शोध तेथेच संपतो. फक्त एवढेच की काही सॉफ्टवेअर मूळ संदेश झाकून टाकतात. जेलिफिनच्या मुख्य लॉगमध्ये एफएफएमपेग बंद पडल्याची एक कोरडी ओळ दिसते; खरे कारण त्याच फोल्डरमधील एफएफएमपेगच्या स्वतंत्र लॉग फाईलमध्ये, बहुधा शेवटच्या काही ओळींत सापडते.

दुसरी पायरी: होस्टला उपकरण दिसते का

कंटेनर बाजूला ठेवून आधी होस्टवर पाहावे. यूएसबी उपकरण असेल तर ‘एलएसयूएसबी’ चालवावे आणि नंतर ‘डीएमईएसजी’च्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. झिगबी डोंगल जोडल्यावर त्यात सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ ही चिप असल्याचे आणि तिला टीटीवाययूएसबी० (यातील यूएसबी मोठ्या अक्षरांत) हे नाव मिळाल्याचे दिसले, म्हणजे कर्नलचे काम झाले. ग्राफिक्ससाठी /डेव्ह/डीआरआय या फोल्डरमध्ये कार्ड० (काही यंत्रांवर कार्ड१) आणि रेंडरडी१२८ या फाईली असाव्या लागतात. दुसऱ्या नावातील डी मोठा लिहावा. त्या होस्टवरच नसतील तर ड्रायव्हर लागलेला नाही, किंवा बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स बंद आहे, आणि डॉकरच्या फाईलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

येथे उबुंटू २२.०४ वापरणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना आहे. सीएच३४० ही स्वस्त आणि सर्वत्र आढळणारी सीरियल चिप असलेला डोंगल जोडताच नाव मिळते आणि क्षणात नाहीसे होते, असा अनुभव तेथे येतो. डीएमईएसजीमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसले तर कारण तेच. हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पटलासाठी असलेला उपयुक्त प्रोग्रॅम आहे, परंतु काही ब्रेल पटलांमध्ये हीच चिप असल्यामुळे तो आपल्या डोंगलला ब्रेल पटल समजून ताब्यात घेतो. सर्व्हरला ब्रेल पटल जोडायचे नसेल तर ते पॅकेज काढून टाकावे. डोंगल सतत ‘बिझी’ असल्याचे दिसत असेल, तर मोडेममॅनेजर हाही दुसरा संशयित असतो, कारण तो नव्या सीरियल पोर्टवर मोडेम आहे का हे स्वतःहून चाचपून पाहतो. उपकरण कोणी धरले आहे हे ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ने कळते.

तिसरी पायरी: आकडे पाहा, नावे नव्हे

होस्टवर ‘एलएस -एलएन /डेव्ह/डीआरआय’ चालवावे. यातील एन हे अक्षर मुद्दाम घातले आहे. त्यामुळे मालक आणि गट यांची नावे न दिसता आकडे दिसतात. ओळीच्या आरंभीचे सी हे अक्षर ही कॅरेक्टर प्रकारची उपकरण-फाईल असल्याचे सांगते, त्यानंतर मालक आणि गट यांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी व इतरांना काहीच नाही असे दिसते, मग मालकाचा आकडा म्हणजे शून्य, आणि गटाचा आकडा, समजा १०५. पुढे फाईलच्या आकाराच्या जागी स्वल्पविरामाने जोडलेले दोन अंक येतात: २२६, १२८. पहिला मेजर आणि दुसरा मायनर क्रमांक. कर्नलच्या दृष्टीने उपकरणाची खरी ओळख हीच. फाईलचे नाव केवळ आपल्या सोयीसाठी असते. ग्राफिक्सचा मेजर २२६, टीटीवाययूएसबीचा १८८, टीटीवायएसीएमचा १६६ आणि कच्च्या यूएसबी उपकरणांचा १८९ आहे.

नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत गटाच्या आकड्यावरून होते, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य. होस्टवर १०५ या आकड्याला ‘रेंडर’ म्हणतात, कारण होस्टच्या /ईटीसी/ग्रुप या फाईलमध्ये तशी नोंद आहे. कंटेनरच्या आत /ईटीसी/ग्रुप ही फाईल वेगळी असते. तिच्यात रेंडर हा गट कदाचित नसेलच, किंवा असला तरी त्याचा आकडा दुसरा असेल. कर्नल केवळ आकडा तपासते. डेबियन आणि उबुंटूमध्ये सीरियल पोर्टचा ‘डायलआऊट’ गट २० आणि ‘व्हिडिओ’ गट ४४ असे ठरलेले आहेत, परंतु ‘रेंडर’चा आकडा सिस्टीम बसवताना जो मोकळा असेल तो दिला जातो, त्यामुळे तो यंत्रागणिक बदलतो. अल्पाइन या लहान लिनक्सवर आधारलेल्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे कंटेनरचा तयार साचा) व्हिडिओ गट २७ असतो, म्हणजे नाव तेच आणि आकडा निराळा. दुसऱ्या कोणाच्या कंपोझ फाईलमधून, म्हणजे कंटेनर कसा चालवायचा हे लिहिलेल्या फाईलमधून, ‘ग्रुप अ‍ॅड १०९’ ही ओळ जशीच्या तशी उचलली तर ती आपल्याकडे का चालत नाही, याचे उत्तर बहुतांशी हेच असते. आपल्या यंत्रावरील आकडा ‘गेटएंट ग्रुप रेंडर’ या कमांडने मिळतो. उत्तरातील तिसरा भाग म्हणजे तो आकडा.

परवानग्यांच्या अक्षरांनंतर अधिकचे चिन्ह दिसले तर त्याकडेही लक्ष द्यावे. त्याचा अर्थ फाईलवर आणखी एक परवानगी-यादी आहे, जी ‘गेटएफएसीएल’ने वाचता येते. ज्या यंत्राला पडदा व कीबोर्ड जोडलेला असतो, तेथे समोर बसून लॉगिन केलेल्या व्यक्तीला सिस्टमडी अशी तात्पुरती परवानगी देते आणि लॉगआऊट करताच ती काढून घेते. समोर बसून केलेली चाचणी यशस्वी होते आणि तेच काम दुसऱ्या दिवशी एसएसएचवरून होत नाही, या कोड्याचा उलगडा येथे होतो.

स्वतःच्या वापरकर्त्याला गटात घालायचे असेल तर ‘यूझरमॉड -एजी’ वापरावे, ज्यात जी मोठा लिहायचा असतो. यातील ए विसरला तर आधीचे सारे पूरक गट निघून जातात, ‘सुडो’ गटासह, आणि मग प्रशासकाचे अधिकार परत मिळवणे हे वेगळेच काम होऊन बसते. नवा गट चालू सत्राला लागू होत नाही. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते.

चौथी पायरी: कंटेनरला उपकरण रीतसर दिले आहे का

डॉकरच्या कंपोझ फाईलमध्ये उपकरण देण्याची जागा ‘डिव्हाइसेस’ या शीर्षकाखाली असते. परंतु अनेक जण ते ‘व्हॉल्यूम्स’मध्ये लिहितात, कारण /डेव्ह मधील उपकरणही फाईलच आहे असा त्यांचा समज असतो, आणि तो समज पूर्णपणे चुकीचाही नाही. तसे केल्यास फाईल आत दिसते, तिचे आकडेही बरोबर असतात, आणि तरी ती उघडताना ऑपरेशन नॉट परमिटेड असा संदेश येतो. कारण कंट्रोल ग्रुप नावाची कर्नलची एक यंत्रणा प्रत्येक कंटेनरसाठी अनुमत उपकरणांची यादी ठेवते. फ्लॅटची किल्ली खिशात असली तरी सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत नाव नसेल तर फाटकातून आत सोडत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. ‘डिव्हाइसेस’मध्ये लिहिले की डॉकर आत फाईलही बनवते आणि यादीत नोंदही करते, ‘व्हॉल्यूम्स’मध्ये लिहिले तर फक्त फाईल मिळते.

‘व्हॉल्यूम्स’च्या वापरात आणखी एक खोड आहे. कंटेनर सुरू होताना डोंगल जोडलेला नसेल, तर डॉकर होस्टवर त्याच नावाचे एक रिकामे फोल्डर तयार करते आणि काहीच तक्रार करत नाही. ‘डिव्हाइसेस’मध्ये उपकरण नसल्यास कंटेनर सुरूच होत नाही आणि तसा स्पष्ट संदेश मिळतो. असा स्पष्ट नकार मला त्या गुपचूप बिघाडापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

जेलिफिनसाठी आवश्यक मजकूर थोडा आहे: ‘डिव्हाइसेस’खाली /डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८, आणि कंटेनर शून्याखेरीज (शून्य म्हणजे रूट, प्रशासक) दुसऱ्या वापरकर्त्याने चालत असेल तर ‘ग्रुप अंडरस्कोर अ‍ॅड’ या शीर्षकाखाली अवतरणचिन्हांत तो आकडा. तेथे ‘रेंडर’ हे नाव लिहिले आणि इमेजमध्ये तो गट नसला तर गट सापडत नसल्याची त्रुटी येते, म्हणून आकडाच लिहावा. कंपोझ फाईल बदलल्यावर ‘डॉकर रीस्टार्ट’ पुरेसे नसते. त्याने जुनाच कंटेनर पुन्हा सुरू होतो. ‘डॉकर कंपोझ अप -डी’ चालवावे, म्हणजे नव्या मजकुराप्रमाणे कंटेनर नव्याने तयार होतो. हा बदल लागूच झालेला नसताना पुढचे उपाय करत राहणारे पुष्कळ असतात.

‘प्रिव्हिलेज्ड’बद्दल माझे मत स्पष्ट आहे: चाचणीपुरते चालेल, वस्तीला नको. त्याने होस्टवरील सर्व उपकरणे, डिस्कसह, कंटेनरला खुली होतात, सर्व क्षमता (रूटच्या अधिकारांचे भाग) मिळतात, आणि अ‍ॅपआर्मर व सेककॉम्प (कर्नलला कोणत्या विनंत्या करता येतात यावरील गाळणी) यांचे कुंपणही जाते. पाच मिनिटांपुरते ते लावून पाहावे. त्याने काम झाले तर दोष यादीत, क्षमतांत किंवा अ‍ॅपआर्मरमध्ये आहे हे कळते. तरीही झाले नाही तर गटाचा आकडा किंवा ड्रायव्हर पाहावा. ‘सीएचमॉड’चा उपाय तर टिकतही नाही. /डेव्ह हे फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असते आणि प्रत्येक बूटच्या वेळी नव्याने भरले जाते, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाले की जुन्या परवानग्या परत येतात.

पाचवी पायरी: आतला प्रोग्रॅम नेमका कोणाच्या नावाने चालतो

‘डॉकर एक्झेक’पुढे कंटेनरचे नाव आणि ‘आयडी’ हा शब्द देऊन आत विचारले की वापरकर्ता आणि गट दिसतात. हे उत्तर उपयोगी असते, परंतु त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. आपण आत शिरून सुरू केलेली ती एक नवी प्रक्रिया असते, आणि मूळ प्रोग्रॅमची ओळख तीच असेल असे नाही. कित्येक इमेजमध्ये आरंभीची स्क्रिप्ट रूटच्या नावाने सुरू होते, फाईलींची मालकी ठीक करते, आणि मग साध्या वापरकर्त्याचा वेष घेऊन मुख्य प्रोग्रॅम चालवते. हा बदल करताना ती पूरक गटही नव्याने मांडते, आणि ते कंटेनरच्या आतील /ईटीसी/ग्रुप पाहून. परिणाम असा की आपण बाहेरून दिलेला १०५ हा गट ‘आयडी’च्या उत्तरात दिसतो, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रक्रियेकडे नसतो.

खात्री करून घेण्याची पद्धत सोपी आहे. होस्टवर ‘डॉकर टॉप’ चालवून मुख्य प्रक्रियेचा क्रमांक घ्यावा आणि /प्रॉक या फोल्डरखालील त्या क्रमांकाच्या फोल्डरमधील ‘स्टेटस’ ही फाईल वाचावी. तिच्यात ‘ग्रुप्स’ अशी एक ओळ असते. हवा तो आकडा तेथे नसेल तर त्या इमेजची स्वतःची पद्धत वापरावी. लिनक्ससर्व्हर या समूहाच्या इमेज पीयूआयडी आणि पीजीआयडी (मोठ्या अक्षरांत) ही मूल्ये घेतात, आणि त्यांतील काही इमेज सुरू होताना उपकरणाचा गट पाहून आतल्या वापरकर्त्याला त्यात घालतात. अशा इमेजला बाहेरून ‘यूझर’ची ओळ लावली तर ही व्यवस्थाच बिघडू शकते.

याउलट, साध्या डॉकरमध्ये मुख्य प्रक्रिया रूटच्या नावाने चालत असेल तर फाईलवरील मालकी व गटाची अडचण तिला येत नाही. तरीही परमिशन डिनाइड आले, तर गटाच्या मागे न लागता थेट सातव्या पायरीकडे जावे.

सहावी पायरी: लहानात लहान चाचणी

संपूर्ण चित्रपट लावून किंवा होम असिस्टंटचे पान पुन्हा पुन्हा उघडून चाचणी घेण्यात वेळ जातो, आणि निष्कर्षही धूसर राहतो. कंटेनरच्या आत शेलमध्ये एवढेच द्यावे: कोलन, मोकळी जागा, ‘<>’ ही दोन चिन्हे, आणि त्यापुढे उपकरणाची पूर्ण वाट. यात शेल ती फाईल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडतो, काहीही न करता बंद करतो, आणि अडले तर कर्नलचा मूळ संदेश छापतो. उपकरणाची फाईल आत आधीपासून असेल आणि काही छापले गेले नाही, तर दार उघडले. ‘डॉकर एक्झेक’ला ‘-यू’ देऊन मुख्य प्रक्रियेच्याच वापरकर्त्याच्या आकड्याने ही चाचणी घ्यावी. सीरियल डोंगलवर ती घेण्याआधी मुख्य प्रोग्रॅमकडून पोर्ट मोकळे करून घ्यावे. आर्डुइनोच्या धाटणीचे काही बोर्ड पोर्ट उघडताच स्वतःला रीसेट करतात, त्यामुळे चालू जाळ्यात व्यत्यय येऊ शकतो.

ग्राफिक्ससाठी यापुढची चाचणी ‘व्हीएआयएनएफओ’ ही आहे. जेलिफिनच्या अधिकृत इमेजमध्ये ती /यूएसआर/लिब/जेलिफिन-एफएफएमपेग या फोल्डरात असते. ती चिपला जमणाऱ्या व्हिडिओ-प्रकारांची यादी देऊ लागली की परवानगीचा विषय संपला, आणि त्यानंतरही रूपांतर होत नसेल तर दोष जेलिफिनच्या निवडींत शोधावा. दुसऱ्या बाजूने होस्टवर ‘इंटेल अंडरस्कोर जीपीयू अंडरस्कोर टॉप’ लावून ठेवले तर चित्रपट चालू असताना व्हिडिओ इंजिनचा वापर वाढलेला डोळ्यांनी दिसतो.

सातवी पायरी: अ‍ॅपआर्मर आणि एसईलिनक्स

उबुंटू व डेबियनवर अ‍ॅपआर्मर असते. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये मोठ्या अक्षरांतील ‘डिनाइड’ हा शब्द शोधावा. त्याच ओळीत प्रोफाइलचे नाव आणि अडवलेली वाट असते. फेडोरा आणि त्या कुळातील वितरणांवर एसईलिनक्स असते, आणि तेथे ‘ऑसर्च -एम एव्हीसी’ने नोंदी मिळतात. कंटेनरला होस्टची उपकरणे वापरू देण्यासाठी तेथे ‘कंटेनर अंडरस्कोर यूझ अंडरस्कोर डिव्हाइसेस’ नावाची एक कळ आहे, जी ‘सेटएसईबूल -पी’ने चालू करता येते, यात पी मोठा. संपूर्ण एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण एका डोंगलसाठी तो स्वीकारण्याचे काही कारण नाही.

डॉकरखेरीज इतर सँडबॉक्स

रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमनमध्ये आतला रूट हा बाहेरचा साधा वापरकर्ता असतो. उपकरणाचा होस्टवरील गट आतल्या आकड्यांच्या नकाशात नसल्यामुळे तो ‘नोग्रुप’ किंवा ६५५३४ असा दिसतो. हे पाहून घाबरू नये. होस्टवरील आपला वापरकर्ता त्या गटात असेल, तर ‘ग्रुप-अ‍ॅड’ला ‘कीप-ग्रुप्स’ हे मूल्य दिल्याने तो गट आतल्या प्रक्रियेसोबत राहतो. मात्र त्यासाठी ‘सीरन’ हा रनटाइम (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) लागतो.

प्रॉक्समॉक्सवरील अनप्रिव्हिलेज्ड एलएक्ससी कंटेनरमध्ये सर्व आकडे एक लाखाने सरकवलेले असतात, म्हणजे आतला शून्य हा बाहेरचा १००००० असतो. पूर्वी यासाठी कंटेनरच्या संरचना-फाईलमध्ये २२६:१२८ ला मुभा देणारी एक ओळ, फाईल आत जोडणारी दुसरी ओळ, आणि आकड्यांचा नकाशा बदलणाऱ्या आणखी काही ओळी लिहाव्या लागत. नव्या आवृत्त्यांत ‘डेव्ह०’ अशी एकच ओळ पुरते. तिच्यात उपकरणाची वाट आणि जीआयडी द्यायचा असतो. हा जीआयडी कंटेनरच्या आतील गटाचा आहे, होस्टचा नव्हे, हे विसरू नये. एलएक्ससीच्या आत पुन्हा डॉकर चालवला असेल, तर वरील सर्व पायऱ्या दोनदा कराव्या लागतात, आधी बाहेरच्या कुंपणासाठी आणि मग आतल्यासाठी.

उबुंटू सर्व्हर बसवताना इन्स्टॉलर डॉकरही देऊ करतो, आणि ते स्नॅपच्या रूपात असते. सँडबॉक्सच्या आत सँडबॉक्स अशी ती रचना होते, आणि /एमएनटी खाली जोडलेली डिस्क कंटेनरला रिकामी दिसण्यासारखे प्रकार त्यातून उद्भवतात. नवख्याने डॉकरच्या अधिकृत पॅकेज-भांडारातूनच ते बसवावे, असे मी सुचवीन. इतर स्नॅपसाठी ‘स्नॅप कनेक्शन्स’पुढे अ‍ॅपचे नाव दिले की जोडण्यांची यादी येते, ज्या ओळीत स्लॉटच्या जागी केवळ आडवी रेघ असेल, ती जोडणी झालेली नाही. कॅमेरा, रॉ-यूएसबी, रिमूव्हेबल-मीडिया यांसारख्या जोडण्या बहुधा हाताने, ‘स्नॅप कनेक्ट’ने, द्याव्या लागतात. जोडणी दिल्याने स्नॅपचे कुंपण उघडते, फाईलवरील गटाची अट मात्र तशीच राहते.

थेट पॅकेजमधून बसवलेली सेवासुद्धा कधीकधी सँडबॉक्समध्ये असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सिस्टमडीच्या सेवा-फाईलमध्ये ‘प्रायव्हेटडिव्हाइसेस’ चालू असेल, तर त्या सेवेला खरी उपकरणे दिसतच नाहीत. ‘डिव्हाइसअलाऊ’ची यादी असेल तर यादीबाहेरील उपकरण दिसते पण उघडत नाही. ‘सिस्टमसीटीएल कॅट’ने सेवेची फाईल वाचावी आणि बदल ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने करावा, म्हणजे पॅकेज अद्ययावत झाल्यावर तो पुसला जात नाही. गट द्यायचा असेल तर त्याच जागी ‘सप्लिमेंटरीग्रुप्स’ (एस व जी मोठे) ही ओळ लिहिता येते.

आज चाललेले उद्याही चालावे म्हणून

वीज गेली आणि परत आली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि काल टीटीवाययूएसबी० असलेला झिगबी डोंगल आज टीटीवाययूएसबी१ झाला, असे दोन सीरियल उपकरणे जोडलेल्या यंत्रावर सहज घडते. ही नावे सापडण्याच्या क्रमाने दिली जातात. भारनियमन किंवा पावसाळ्यातील खंडित वीजपुरवठा जेथे नेहमीचा आहे, तेथे तर या क्रमावर विसंबणे मुळीच परवडत नाही. त्याऐवजी /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी या फोल्डरमधील लांबलचक नाव वापरावे. त्यात निर्माता, चिप आणि अनुक्रमांक असल्यामुळे ते क्रमावर अवलंबून नसते. कंपोझ फाईलमध्ये डावीकडे हे नाव, मग कोलन, आणि उजवीकडे /डेव्ह/टीटीवाययूएसबी० असे लिहिले की आतल्या प्रोग्रॅमला नेहमी तेच लहान नाव दिसते.

सीएच३४० चिपला सहसा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तसे दोन डोंगल असतील तर दोघांचे बाय-आयडी नाव एकच होते. बाय-पाथमधील नाव यूएसबीच्या खोबणीवरून ठरते, परंतु त्यात कोलन असतात आणि डॉकरची लहान लेखनपद्धत त्यांनी गोंधळते. अशा वेळी यूडेव्हचा (उपकरणांना नावे व परवानग्या देणाऱ्या व्यवस्थेचा) स्वतःचा नियम लिहावा. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी या फोल्डरमध्ये .रूल्स या शेवटाची फाईल करून त्यात उपकरणाचा वर्ग टीटीवाय, निर्मात्याचा व उत्पादनाचा क्रमांक, आणि खोबणीची ओळख या अटी लिहाव्यात, आणि निष्पत्ती म्हणून ‘सिमलिंक’ (नियमातील असे शब्द मोठ्या अक्षरांत) या शब्दापुढे आपल्याला हवे ते नाव, गट व ०६६० ही परवानगी द्यावी. अटींसाठी लागणारी मूल्ये ‘यूडेव्हएडीएम इन्फो -ए’मधून उचलता येतात. नंतर ‘यूडेव्हएडीएम कंट्रोल’ला ‘रीलोड’ व पाठोपाठ ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ दिले की नियम लागू होतो.

चालू कंटेनर असताना डोंगल काढून पुन्हा लावला तर बाहेर सारे ठीक दिसते आणि आत मात्र उपकरण अनेकदा मृत असते, कारण आतली फाईल व यादीतील नोंद कंटेनर सुरू होतानाच्या क्रमांकावर बांधलेली असते. कंटेनर पुन्हा सुरू करणे हा साधा उपाय. पण जे उपकरण स्वतःच ओळख बदलते, त्याला हा उपाय पुरत नाही. फ्रिगेट या कॅमेरा-सॉफ्टवेअरसोबत वापरला जाणारा गूगलचा कोरल यूएसबी अ‍ॅक्सिलरेटर जोडल्यावर एका ओळखीने दिसतो आणि पहिल्या वापरात फर्मवेअर चढताच दुसऱ्या निर्माता-क्रमांकाने पुन्हा प्रकटतो, त्यामुळे त्याचा एकच विशिष्ट पत्ता देऊन भागत नाही. तेथे /डेव्ह/बस/यूएसबी हे संपूर्ण फोल्डर व्हॉल्यूम म्हणून द्यावे आणि ‘डिव्हाइस अंडरस्कोर सीग्रुप अंडरस्कोर रूल्स’खाली १८९ या मेजरच्या सर्व मायनर क्रमांकांना मुभा द्यावी. ही सवलत मोठी आहे, कारण सर्व यूएसबी उपकरणे त्या कंटेनरला खुली होतात; तरीही ‘प्रिव्हिलेज्ड’पेक्षा ती कितीतरी आखीव आहे.

सर्व जुळल्यावर चाचणीसाठी लावलेल्या ‘प्रिव्हिलेज्ड’सारख्या ओळी काढाव्यात, कंटेनर नव्याने तयार करावा, आणि मग संपूर्ण यंत्र एकदा रीबूट करून कशालाही हात न लावता जेलिफिनवर चित्रपट आणि होम असिस्टंटमध्ये एखादा दिवा चालतो का ते पाहावे. बूटनंतरच अडत असेल, तर डॉकर सुरू होण्याच्या वेळी उपकरण तयार होते का हे ‘जर्नलसीटीएल -बी’मधील दोघांच्या वेळा जुळवून तपासावे.